यादीत सगळ्यात वर

चहाचा कप घेऊन मी मधल्या खोलीत गेले आणि सासूबाईंचा हात झटकन माऊसवर गेला. पडद्यावर ओळींनी भरलेलं काहीतरी पांढरं होतं, ते सरकन खाली गेलं आणि मागे ब्रह्मगिरीचा फोटो तेवढा उरला. आषाढ होता. सकाळपासून झड लागलेली, खिडकीच्या गजांवरून पाणी ओघळत होतं आणि दोरीवरच्या न वाळलेल्या कपड्यांचा कुबट वास घरभर भरला होता. "ठेव तिथे," त्या म्हणाल्या, अगदी नेहमीच्या आवाजात. मी कप ठेवला, वर बशी झाकली आणि स्वयंपाकघरात येऊन उगाचच कणकेवरचं ताट उचलून पुन्हा ठेवलं. माझ्या लग्नाला चोवीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत आईंनी स्वतःच्या कपाटाची किल्ली काढून ठेवलेली मी पाहिली नाही. ती कपाटालाच लटकलेली असते, तिला बांधलेला घुंगरू दार उघडलं की वाजतो. साड्यांच्या घड्या, पासबुक, मोहनमाळेची डबी, सासऱ्यांचा चष्मा, सगळं कुणीही बघावं असं. त्या बाईंनी माझ्या पावलांची चाहूल लागताच काहीतरी झाकलं होतं.

राग नाही आला. लागलं मात्र.

नाशिकला, जेल रोडवर आमचं दोन बेडरूमचं घर, माणसं चार आणि कॉम्प्युटर एक. तो मधल्या खोलीत, देवघर आणि खिडकी यांच्या मध्ये बसवलेला, म्हणजे उदबत्तीची राख आणि पावसाचे तुषार दोन्ही त्याच्या वाट्याला. २०१३ मध्ये सुटे भाग आणून जुळवून घेतलेला. विंडोज सातला जानेवारी २०२० मध्ये कंपनीने निरोप दिला तेव्हा मुलाने त्यावर दहा चढवलं, बाकी डबा तोच. खातं सगळ्यांचं मिळून एक, पासवर्ड नाही, बटण दाबलं की माणूस थेट आत. पडद्यावर नवऱ्याचे सोसायटीचे हिशेब, मुलाचे प्रोजेक्ट, माझ्या टायपिंगच्या फायली, २०१५ च्या सिंहस्थातले फोटो आणि कडेला एक फोल्डर, नाव 'आई'. २०२० च्या टाळेबंदीत मीच त्यांना मराठी टायपिंग शिकवलं होतं. आधी त्यांनी स्तोत्रं टाइप केली, मग लोणच्यांची प्रमाणं, मग वटपौर्णिमेपासून चंपाषष्ठीपर्यंत घरात काय काय करायचं त्याची यादी. मी कौतुकाने सगळ्यांना दाखवायचे. एका बोटाने टाइप करतात त्या, पण ठाम. दुपारी मी आडवी झाले की मधल्या खोलीतून तो आवाज यायचा, टक, टक, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा टक. तो काही नाहीचा वेळ गेल्या वर्षभरात वाढत गेला होता, हे मला त्या संध्याकाळी चपात्या लाटताना जाणवलं. लोणच्याचं प्रमाण लिहायला कुणी इतकं थांबत नाही.

दोन दिवसांनी मी एका भाडेकराराचा मसुदा करायला वर्ड उघडलं. उघडल्या उघडल्या ते अलीकडच्या फायलींची यादी दाखवतं. त्यात वरून तिसरं नाव माझं नव्हतं, नवऱ्याचं नव्हतं, मुलाचं तर नव्हतंच. नाव वाचूनच कळलं की ही पाककृती नाही. बाण त्यावर नेला की फाईल कुठे आहे ते दिसतं, तेही दिसलं. 'आई' फोल्डरच्या आत आणखी एक फोल्डर, त्याच्या आत आणखी एक. कुणीतरी साडीच्या घडीत, घडीच्या घडीत ठेवावं तसं. आणि मी क्लिक केलं. घरात कुणी नव्हतं, आई गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, गेल्या होत्या, बाहेर पाऊस थांबून ऊन पडलं होतं आणि मी क्लिक केलं. दोन ओळी वाचल्या आणि बंद केलं. त्या दोन ओळी इथे लिहिणार नाही. हा लेख लिहू का म्हणून आईंना विचारलं तेव्हा त्यांनी तेवढी एकच अट घातली, आणि ती घातली नसती तरी मी लिहिल्या नसत्या. एवढंच सांगते की त्यात कुणाचं वाईट नव्हतं, पैशाचं काही नव्हतं, कुठलं भयंकर गुपित नव्हतं. पण ते कुणाला वाचायला म्हणून लिहिलेलं नव्हतं. माणूस स्वतःशी ज्या आवाजात बोलतं त्या आवाजात ते होतं. तो आवाज मी चोवीस वर्षांत ऐकला नव्हता आणि तो ऐकण्याचा मला काही अधिकार नव्हता.

माझं माहेर जुन्या नाशकात, भद्रकालीच्या मागच्या अंगाला. वाड्यात आठ बिऱ्हाडं, मधे फरसबंदी चौक, एक नळ आणि नळाशी सकाळी साडेपाचपासून कळश्यांची रांग. पलीकडच्या गल्लीतून भांडी ठोकण्याचा आवाज दिवसभर यायचा. तो थांबला की जेवणाची वेळ झाली असं समजायचं. भिंती मातीच्या आणि जाड, पण माळे सगळ्यांचे एकमेकांत उघडलेले, त्यामुळे वरच्या बिऱ्हाडात कुणी खोकलं तरी आमच्याकडे आलं-गूळ उकळायला ठेवायचे. कुणाकडे भांडण झालं, कुणाची मुलगी बघायला येऊन गेले, कुणाचा पगार अडकला, हे सांगावं लागायचंच नाही. पोस्टमन चौकात उभा राहून नावं पुकारायचा आणि पोस्टकार्ड ज्याचं त्याच्या हातात पडेपर्यंत दोन-तीन नजरांखालून जायचं. कोपरा फाडलेलं कार्ड आलं की कुणी वाचायचंही नाही, सगळे आधी गप्प व्हायचे, कारण कुणीतरी गेल्याची ती खूण. निळं आंतरदेशीय आलं तर मात्र बायका एकमेकींकडे बघायच्या. चिकटवून बंद केलेलं, म्हणजे काहीतरी आहे. आमच्याकडे बंद असण्याचा अर्थ तोच होता आणि अजूनही पुष्कळ घरांत तोच आहे: लपवण्यासारखं काही नसेल तर दार लावायचं कशाला? हे वाक्य मी लहानपणापासून इतक्या प्रेमळ माणसांच्या तोंडून ऐकलं आहे की ते किती दुखावणारं आहे हे कळायला मला पन्नाशीपर्यंत यावं लागलं.

त्या वाड्यात कुलूप लागणारी माझ्या आईची वस्तू एकच, एक पत्र्याची ट्रंक. किल्ली कनवटीला. मी विचारलं की म्हणायची, "त्यात माझं मन आहे." ती गेल्यावर ट्रंक उघडली. लग्नातला शालू, आम्हा भावंडांच्या जन्माच्या वेळच्या दोन दुपट्यांचे तुकडे, काही आंतरदेशीय पत्रं. पत्रं तिच्या मैत्रिणीची होती. आम्ही बहिणींनी ती वाचली नाहीत, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले. मोठीने नाही वाचली. मी एक वाचलं.

वडील, म्हणजे अण्णा, नाशिकरोडच्या प्रेसमध्ये होते. टपाल तिकिटांची छपाई १९२६ मध्ये इंग्लंडमधून आपल्या गावात आली, तेव्हापासून या भागातल्या कित्येक घरांची चूल प्रेसवर पेटते. त्या कामात येता-जाता झडती आलीच, हे इथे कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. हात वर, खिसे रिकामे, डबा उघडून दाखवायचा. अण्णांना त्याचा राग नव्हता. "ज्यांचं काम आहे ते करतात," म्हणायचे, आणि तिकिटांच्या पूर्ण शीटला भोकं पाडतानाचा आवाज कसा असतो ते रंगवून सांगायचे. पण घरात त्यांनी आईच्या पर्सला कधी हात लावला नाही. रिक्षाला सुटे हवे असले तरी पर्स उचलून तिच्या हातात द्यायची आणि म्हणायचं, "काढ बरं दहा रुपये." माझ्या दप्तराला नाही, भावाच्या खिशाला नाही. स्वयंपाकघराला दारच नव्हतं, नुसता पडदा होता, तरी आत येण्याआधी चौकटीवर दोन बोटं वाजवायचे. मी एकदा हसले होते त्यावर. तेव्हा म्हणाले, "दिवसातून एकदा कुणीतरी आपले खिसे बघतं. तेवढं पुरे असतं माणसाला."

ही दोन बोटं मला त्या फाईलवर क्लिक करताना आठवली नाहीत. नंतर आठवली.

आणि मी काही या बाबतीत अडाणी नाही, म्हणून तर जास्त खुपलं. लग्नानंतर बरीच वर्षं मी कोर्टाजवळच्या एका डीटीपीच्या दुकानात टायपिंग केलं. प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार, वाटणीपत्रं, मृत्युपत्रं. अण्णांच्या प्रेसमध्ये स्टॅम्प पेपरही छापले जायचे, त्यामुळे कोरा स्टॅम्प पेपर प्रिंटरमध्ये सरकवताना मला त्यांच्या हाताचा भास व्हायचा. तीन मशीन, तीन मुली, फायली सगळ्यांच्या डी ड्राइव्हवर एकत्र. आडनावाने फाईल, पुढे कागदाचा प्रकार, की शोधायला सोपं. गिऱ्हाईक शेजारी स्टुलावर बसून पडद्याकडे बघत असतं, कारण त्याला आपलं नाव बरोबर पडतंय ना हे पाहायचं असतं. एकदा साठीचे एक गृहस्थ दुकानगाळ्याचा करार करायला आले. मी जुना नमुना शोधायला फोल्डर उघडलं आणि त्यांचं आडनाव टाकलं. यादीत त्यांच्याच आडनावाची एक फाईल आली, पुढे त्यांच्या धाकट्या भावाचं नाव आणि पुढे 'मृत्युपत्र'. मी लगेच बंद केलं. तोवर त्यांनी वाचलं होतं. त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत घातला. "हा कधी आला होता?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, मला सांगता येणार नाही. भावाला काही आजार आहे का, वाटणीत आपल्याला वगळलं का, त्यांच्या मनात काय काय येऊन गेलं असेल कोण जाणे. फाईल उघडलीसुद्धा नव्हती. नुसतं नाव दिसलं होतं. त्या दिवसापासून मी नावं देणं बंद केलं, तारीख आणि आकडा एवढंच, आणि कुणाचा आकडा कुठला ते वहीत, वही माझ्या खणात. दुकानात बाकीच्यांना तो अतिरेक वाटायचा.

त्या काळात एक कुलूप फुकट मिळायचं, ते आता गेलं. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर उघडला की नुसत्या रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा पसारा दिसायचा. युनिकोड आलं, मराठी कुठेही वाचता यायला लागली, फार चांगलं झालं, आणि तो आडोसा मात्र संपला. आमच्या घरी तसा एक आडोसा अजून आहे. आजोबांची, म्हणजे अण्णांच्या वडिलांची, एक वही. पूर्ण मोडी लिपीत. १९५० च्या सुमारास मोडी सरकारी वापरातून गेली, शाळेतूनही गेली, अण्णांना ती वाचता येत नव्हती आणि आम्हाला तर नाहीच. मोडी वाचणारी माणसं आहेत, वर्गही चालतात. वही घेऊन जायचं दोनदा ठरलं आणि दोन्हीदा राहिलं. हिशेब असतील, नाहीतर तसं आणखी काही असेल. ती वही माझ्या कपाटात आहे, तपकिरी पडलेली, कापराच्या वासाची. पानं उलटते अधूनमधून. अक्षर सुंदर आहे, एका लयीत वाहत जाणारं, शब्द कुठे तुटतो ते कळत नाही.

खरं सांगायचं तर आईंची फाईल ही पहिली नव्हती. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की खासगीपण हा मूलभूत हक्क आहे. कोर्टाबाहेरच्या टपरीवर वकील त्यावरच बोलत होते, आणि मी कटिंग घेता घेता ऐकून मनापासून खूश झाले होते. त्याच्या पुढच्याच वर्षी, मुलगा आठवीत असताना, मी डेस्कटॉप आवरत होते. सगळं एकदम निवडायला कंट्रोल आणि ए दाबलं, तर खालच्या कोपऱ्यात, जिथे काहीच नव्हतं, तिथे एक निळा चौकोन उमटला. आल्ट दाबून एक आकडा टाकला की नावाच्या जागी कोरी जागा बसते, आणि चित्रांच्या यादीतून एक कोरं चित्र निवडलं की फोल्डर दिसेनासं होतं. मित्राने शिकवलं असणार. मला इतकं कौतुक वाटलं त्या शक्कलेचं, की कौतुकातच उघडलं. दीड पान होतं. वर्गातल्या एका भांडणाबद्दल, त्यात त्याला काय वाटलं त्याबद्दल. आणि मी ते रात्री जेवताना सांगितलं. हसत सांगितलं, लेकरू किती हुशार आहे या सुरात. नवरा हसला. मुलाने हातातला घास ताटात ठेवला. तो काही बोलला नाही, रडला नाही, उठूनही गेला नाही, वरण-भात संपवला. सकाळी फोल्डर नव्हतं. त्यानंतर आजतागायत त्याने त्या कॉम्प्युटरवर स्वतःचं म्हणावं असं काही ठेवलेलं नाही. आता इंजिनीअरिंगला आहे, स्वतःचा लॅपटॉप आहे, माझ्याशी सगळं बोलतो. तरी ते दीड पान आमच्या मध्ये आहे, मला माहीत आहे.

ती फाईल वाचल्याला आठवडा झाला असेल. दुपारी आई वाती वळत बसल्या होत्या, मी शेजारी शेंगा सोलत होते. त्यांनी विचारलं, "त्या कॉम्प्युटरला माझ्यापुरतं कुलूप लागतं का गं?"

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. मग मी बोलू लागले, आणि कामाचं बोलायला मिळालं याचं मला बरंच वाटलं. म्हटलं, आई, लोक फोल्डर हिडन करतात, पण ते कुलूप नाही, ते पडद्यामागे ठेवणं आहे. वरच्या पट्टीतल्या एका खुणेवर टिचकी मारली की सगळं समोर येतं. खरं करायचं तर प्रत्येकाचं वेगळं खातं हवं, प्रत्येकाचा वेगळा पासवर्ड. मग तुमची कागदपत्रं तुमच्या खात्याच्या आत राहतील आणि दुसऱ्या साध्या खात्यातून कुणी बघायला गेलं तर विंडोज अडवेल. मात्र फायली डी ड्राइव्हवर ठेवायच्या नाहीत, तिथे वेगळं काही केलं नाही तर सगळ्यांना सगळं दिसतं. आणि घरातलं एक खातं मालकाचं असतं, अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचं. त्यालाही आधी अडवतं, पण त्याच्यासाठी खाली एक बटण असतं, 'कंटिन्यू'. ते दाबलं की त्या फोल्डरची परवानगी मिळते, आणि तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं, कायमची.

पेन्शनच्या कार्यालयात ऐकतात तशा मन लावून त्या ऐकत होत्या. वात वळणं थांबलं नव्हतं.

"मालक कोण?"

"मी."

"म्हणजे किल्ली तुझ्याकडे राहणार."

"हो."

"आणि तुलाही न उघडणारं, असं काही असतं?"

खासगी हा शब्द किती मोठा होता आपल्याकडे, हे मला तेव्हा का आठवलं माहीत नाही. होळकरांच्या राज्यात राणीच्या स्वतःच्या उत्पन्नाला खासगी म्हणत. दौलतीपासून वेगळं, तिचं तिच्या मर्जीचं. अहिल्यादेवींनी देशभर घाट आणि देवळं उभी केली ती त्या खासगीतून. आणि माझ्या समोर बसलेल्या बाईंनी पंचाहत्तरीला काय मागितलं, तर एक फोल्डर. तोसुद्धा मी आधीच उघडलेला. मी शेंगांचं सूप बाजूला सारलं आणि सांगून टाकलं. "आई, मी तुमची एक फाईल उघडली होती. दोन ओळी वाचल्या."

त्यांनी हातातली वात पुरी केली, बाकीच्या वातींशेजारी नीट ठेवली.

"माहीत आहे," म्हणाल्या. "यादीत सगळ्यात वर आली होती. आदल्या दिवशी ती तिसरी होती. त्या दिवशी मी गंगेवर गेले होते, कॉम्प्युटर लावलाच नव्हता."

ज्या यादीने त्यांची फाईल मला दाखवली, तिनेच माझं बोट त्यांना दाखवलं होतं. शेवटची उघडलेली फाईल सगळ्यात वर, इतका साधा तिचा नियम. हे मी शिकवलं नव्हतं. त्यांनी बघून बघून ओळखलं होतं. म्हणजे तो सगळा आठवडा त्या माझ्या हातचं जेवत होत्या, माझ्या केसांना तेल लावून देत होत्या, सोमवारी माझ्यासाठी साबुदाणा भिजवत होत्या, आणि त्यांना माहीत होतं. मी म्हटलं, "मग बोलला का नाहीत?"

"उघडं होतं, तू उघडलंस. बोलून काय होणार? म्हणून तर कुलूप मागतेय."

त्यात टोमणा नव्हता. असता तर सोपं गेलं असतं.

त्याच दुपारी बसलो. आधी फायलींचं केलं. वर्डला स्वतःचा पासवर्ड लावता येतो, तो लावला की फाईलमधला मजकूर आतून गुंफून टाकला जातो आणि मग मालकाचं खातं असो की आणखी कुणाचं, त्या शब्दाशिवाय उघडत नाही. पासवर्ड दोनदा विचारतं आणि बजावतं की हरवला तर परत मिळणार नाही. मी ते मराठीत वाचून दाखवलं. विसरलात तर मला काही करता येणार नाही, मुलाला येणार नाही, दुकानात नेऊनही उपयोग नाही, असंही सांगितलं. मला खरंच भीती वाटत होती. हल्ली त्या गॅस बंद केला का हे दोनदा बघतात. मी आजोबांच्या मोडीतल्या वहीबद्दल सांगितलं. आत काय आहे ते आम्हाला कधीच कळणार नाही कदाचित, तसं याचं व्हायचं.

"मग ती वही टाकून दिलीत का?"

"नाही. आहे की. कपाटात."

"मग झालं तर."

मग खातं उघडायला घेतलं. नाव विचारलं तेव्हा मी सवयीने 'आई' टाइप करू लागले. त्या म्हणाल्या, "आई नको, माझं नाव टाक." टाकलं. पुढे विंडोज तीन प्रश्न निवडायला सांगतं, पासवर्ड विसरला तर ओळख पटवायला. प्रश्न इंग्रजीत. मी एकेक मराठीत सांगत गेले. तुमचा पहिला पाळीव प्राणी? "गाय धरायची का?" तुमच्या आईवडिलांची भेट कुठल्या गावात झाली? त्या थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिल्या. "भेट कसली? अंतरपाट खाली झाला तेव्हा पाहिलं एकमेकांना. येवल्याला." पहिली शाळा, जन्माचं गाव, सगळ्यात मोठ्या चुलत भावंडाचं नाव. मी म्हटलं, आई, यांची खरी उत्तरं आम्हा सगळ्यांना पाठ आहेत. कुणीही बसून उघडेल. काहीतरी खोटं ठरवा, वहीत लिहून ठेवा, नाहीतर असा प्रश्न घ्या ज्याचं उत्तर या घरात कुणाला माहीत नाही.

दोन प्रश्नांना त्यांनी मनाला आलेलं काहीतरी दिलं, मला न दाखवता. तिसऱ्यासाठी म्हणाल्या, "एक कुठला तरी नावाचा होता ना. तो पुन्हा सांग."

"लहानपणी तुम्हाला लाडाने काय म्हणायचे?"

"हा घे."

मी म्हटलं, पण तुमचं माहेरचं नाव ह्यांना माहीत आहे, लग्नपत्रिकेत आहे. त्यांनी मान हलवली. "पत्रिकेतलं नाही. त्याच्याही आधीचं. ते म्हणणारा शेवटचा माझा थोरला भाऊ. तो जाऊन अकरा वर्षं झाली."

मी खुर्चीवरून उठले आणि खिडकीशी जाऊन उभी राहिले. पाऊस पुन्हा लागला होता, रस्त्यावर शाळा सुटलेल्या पोरांच्या छत्र्यांची गर्दी होती, समोरच्या गॅरेजच्या पत्र्यावर पाणी आपटत होतं. मागून आवाज आला, टक. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टक. किती अक्षरं होतात ते मोजायचं नाही म्हणून मी त्या छत्र्या मोजायला लागले.